दिव्यांग अनुदान नाकारलं तर: तहसीलच्या खिडकीपासून खंडपीठापर्यंतची वाट

माझ्या मावसभावाचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. उसाची ट्रॉली अंगावर आली त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी दिवाळी सरली की तो ऊसतोडीच्या टोळीबरोबर जातो, कारण बायको कोयत्यावर असते आणि कोपीपाशी (फडाजवळच्या खोपटापाशी) लेकरं सांभाळायला माणूस लागतो. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र पक्कं, टक्केवारीवर कुणाची हरकत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत त्याने दोन वर्षांत तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा खिडकीतून उत्तर एकच: "नामंजूर झालंय भाऊ, पुन्हा टाका." का झालं ते सांगितलं नाही, कागदही दिला नाही.

मी त्याच्याबरोबर फिरलो आणि त्यानंतर आमच्या भागातल्या बऱ्याच घरांच्या फायली पाहिल्या. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. कोर्टात न्यायाधीश तुमचा पाय, डोळा किंवा कान तपासत नाहीत. ते निर्णयाचा कागद तपासतात. कुणी निर्णय घेतला, कोणत्या नियमाखाली, काय कारण देऊन, तुम्हाला ऐकून घेतलं का, एवढंच. म्हणून कोर्टाची तयारी पहिल्या नकाराच्या दिवशीच सुरू होते, आणि आपले लोक नेमक्या त्याच दिवशी रिकाम्या हाताने घरी येतात.

आधी ओळखा, नकार कुठे झाला

"माझी पगार बंद केली" असं सांगत माणूस येतो (आमच्याकडे अनुदानाला पगारच म्हणतात), तेव्हा त्या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली, दवाखान्यातला नकार. जिल्हा सामान्य रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी झाली आणि टक्केवारी ४० च्या खाली आली, किंवा प्रमाणपत्रच दिलं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे, आणि बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के लागतात. ३८ आणि ४० मध्ये आयुष्याचा फरक पडतो.

दुसरी, तहसीलमधला नकार. प्रमाणपत्र आहे, पण संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या तालुका समितीने उत्पन्न, रहिवास, वय किंवा आणखी कशावर बोट ठेवलं. या योजनेत दिव्यांगांच्या कुटुंबाची वार्षिक उत्पन्न मर्यादा ५०,००० रुपये आहे, इतर लाभार्थ्यांची २१,०००. राज्यात किमान १५ वर्षं रहिवास लागतो. दिव्यांगांचं अनुदान महिन्याला १,५०० होतं, ते ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झालं. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तीवेतनाला मात्र ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब, या दोन्ही अटी आहेत. ४० टक्क्यांवाल्याचा अर्ज चुकून तिकडे गेला आणि नाकारला गेला, असं होऊ शकतं. आपला अर्ज नेमका कोणत्या योजनेत पडला, हे पोचपावतीवर बघा.

तिसरी, चालू अनुदान थांबणं. हा बहुतेक वेळा नकार नसतोच. आधार खात्याला जोडलेलं नाही, हयातीचा दाखला दिला नाही, उत्पन्नाचा दाखला जुना झाला, बँकेने केवायसीसाठी खातं अडवलं. यासाठी कोर्टात जाऊ नका. आधी बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याशी जोडलंय ते बघा, मग तहसीलच्या संजय गांधी शाखेत. ६५ वर्षं पूर्ण झाली की माणूस श्रावणबाळ योजनेकडे (म्हाताऱ्यांच्या अनुदानाकडे) सरकतो, त्या वळणावरही पैसे अडकतात. पण कुठलीही नोटीस न देता यादीतून नावच वगळलं असेल, तर तो निर्णय आहे. मिळत असलेली गोष्ट न ऐकता काढून घेतली, हा मुद्दा कोर्टात वजनदार ठरतो.

नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं, कामावर अपघात झाला, सैन्यातलं दिव्यांग पेन्शन नाकारलं, या वाटा वेगळ्या आहेत. सरकारी नोकराला २०१६ च्या कायद्यातल्या कलम २०(४) चं संरक्षण आहे: सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून त्याला काढता किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. सैनिकांसाठी सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. त्यावर इथे लिहीत नाही.

नकार लेखी घ्या

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची. तोंडी नकाराला आव्हान देता येत नाही, कारण सरकारी वकील उभे राहून म्हणतात, असा काही आदेशच नाही.

साध्या कागदावर दोन प्रतींत अर्ज लिहा. मजकूर एवढाच पुरतो:

"मी दि. ____ रोजी संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अर्ज केला, पावती क्र. ____. माझा अर्ज नामंजूर झाल्याचे मला तोंडी सांगण्यात आले. नामंजुरीचा आदेश, त्याची कारणे, समितीच्या बैठकीची तारीख आणि या आदेशावर अपील कोणाकडे व किती दिवसांत करता येते, हे मला लेखी कळवावे."

हा अर्ज आवक शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. याला पोहोच म्हणतात. पोहोच नसलेला अर्ज हा दिलेलाच नसतो, असं समजून चाला. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर वाद घालू नका. सरळ पोस्टात जा, रजिस्टर्ड पोस्टाने पोहोच-पावतीसह पाठवा आणि पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. पावसाळ्यात गळक्या घरातून भिजून आलेल्या पावत्या मी पाहिल्या आहेत, त्यावरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखालचा दाखला जोडला तर तेही लागत नाही. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून कहाणी लिहू नका. चार गोष्टी मागा: अर्जाच्या संपूर्ण फाइलची टिपणीसह प्रत, तलाठ्याचा चौकशी अहवाल, ज्या बैठकीत अर्ज नाकारला त्या बैठकीचं इतिवृत्त, आणि ज्याच्याखाली नाकारलं त्या शासन निर्णयाची प्रत. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि तेही वाया गेलं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. दुसऱ्या अपिलाचा नंबर लागायला वेळ जातो, त्यावर बाकीची कामं अडवून ठेवू नका.

माझ्या मावसभावाच्या फाइलमध्ये तलाठ्याची एक ओळ निघाली: "अर्जदार गावी राहत नसल्याचे आढळून आले." चौकशीची तारीख होती जानेवारीतली. जानेवारीत ऊसतोड कामगाराच्या दाराला कुलूपच असणार. दोन वर्षांचे हेलपाटे त्या एका ओळीपायी होते, आणि ती ओळ कुणी त्याला कधी वाचून दाखवली नव्हती.

टक्केवारीचा वाद असेल तर

वैद्यकीय मंडळाने प्रमाणपत्र नाकारलं तर अर्जदाराला कारण लेखी कळवणं नियमाने बंधनकारक आहे. "बसत नाही" हे कारण होत नाही. कोणत्या प्रकारात तपासलं, कोणत्या चाचणीत काय आलं, हे असलेला मूल्यांकनाचा कागद मागा. तो तुमच्या स्वतःच्या शरीराचा कागद आहे, त्यावर तुमचा हक्क आहे.

मूल्यांकन कसं करायचं याची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आहेत: जानेवारी २०१८ ची, आणि मार्च २०२४ मध्ये सुधारलेली. नेहमी सुटणारी गोष्ट म्हणजे एकापेक्षा जास्त दिव्यांगत्व. आमच्या गल्लीतल्या एका मावशींचा गुडघा आखडलेला होता आणि एका कानाचं ऐकूही कमी झालेलं. हाडांच्या डॉक्टरांनी ३० टक्के लिहिले. कानाची तपासणी कुणी सुचवलीच नाही. कानाचे समजा २० धरले, तर ३० आणि २० मिळून ५० होत नाहीत. जास्तीच्या आकड्यात कमीचा आकडा मिळवायचं सूत्र आहे. ९० मधून ३० वजा केले की ६०. त्याला २० ने गुणून ९० ने भागलं की १३ च्या थोडं वर. ते ३० मध्ये मिळवले की ४३. म्हणजे ४० ची रेघ ओलांडली. म्हणून तपासणीला जाताना शरीराच्या सगळ्या तक्रारी एका कागदावर लिहून न्या, आणि स्वावलंबन पोर्टलवर (प्रमाणपत्राच्या ऑनलाइन अर्जाच्या संकेतस्थळावर) अर्ज भरतानाच प्रत्येक दिव्यांगत्व नोंदवा. सेतू केंद्रातला मुलगा घाईत एकच खूण करतो. त्याच्या शेजारी बसा.

जुने कागद गोळा करा: अपघाताच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची टिपणं, एक्स-रे, एमआरआय, श्रवण आलेख. संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात, अंबाजोगाईला, नांदेडला किंवा लातूरच्या शासकीय महाविद्यालयात उपचार झाले असतील तर तिथल्या रेकॉर्ड शाखेतून प्रती मिळतात. केसपेपरचा नंबर असेल तर लवकर. रोजच्या जगण्यात काय अडतं तेही लिहा. "चालता येत नाही" असं ढोबळ लिहू नका. "हापशापासून घरापर्यंत भरलेली कळशी आणता येत नाही, संडासाला बसता येत नाही, एसटीची पायरी दुसऱ्याच्या आधाराशिवाय चढता येत नाही" असं लिहा.

मग २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ खाली अपील. ते राज्य शासनाने नेमलेल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे जातं. आदेशावर त्याचा उल्लेख नसेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी विचारा आणि उत्तराची वाट न बघता अपिलाची प्रत त्यांच्याच कार्यालयामार्फत सादर करा. अपिलात नव्याने तपासणीची मागणी स्पष्ट लिहा, आणि ती शक्यतो दुसऱ्या संस्थेच्या मंडळाकडून व्हावी असंही लिहा.

इथे एक कळकळीचं सांगणं. टक्केवारी वाढवून देतो म्हणणारा माणूस प्रत्येक दवाखान्याच्या बाहेर भेटतो. फसवणुकीने लाभ घेणं हा याच कायद्याच्या कलम ९१ खाली गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण शिक्षेपेक्षाही वाईट गोष्ट अशी की खोट्या प्रमाणपत्रांमुळे खऱ्या माणसाकडे संशयाने बघितलं जातं. ज्याला खरोखर दिसत नाही, त्याला "नाटक करतो का" असं विचारलेलं मी ऐकलं आहे.

तहसीलचा नकार असेल तर: पुन्हा अर्ज की अपील?

कागद अपुरा होता म्हणून नाकारलं असेल, तर पुन्हा अर्ज करा. दोन महिन्यांत सुटणाऱ्या गोष्टीसाठी दोन वर्षं भांडण्यात अर्थ नाही. उत्पन्नाचा दाखला मिळत नसेल तर ती सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येते. मुदतीत दाखला दिला नाही किंवा नाकारला तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं आणि चुकार अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

पण नियमाचा चुकीचा अर्थ लावून नाकारलं असेल, तर नुसता पुन्हा अर्ज करू नका. तिसऱ्या अर्जालाही तेच उत्तर येईल, आणि पहिल्या अर्जापासूनच्या थकबाकीवरचा तुमचा दावा पातळ होईल. अशा वेळी नवा अर्ज टाकायचाच असेल तर त्यात लिहा: "दि. ____ च्या नामंजुरीविरुद्धचा माझा हक्क राखून ठेवून हा अर्ज करीत आहे." एका वाक्याचं काम आहे, पण पुढे कामी येतं.

अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या, प्रत उपविभागीय अधिकाऱ्यांना. नकारात दुसरं नाव लिहिलेलं असेल तर त्या अधिकाऱ्याकडे. मुदत लिहिलेली नसली तरी ३० दिवसांच्या आत टाका. अपिलात भावना कमी, मुद्दे जास्त ठेवा. आमच्या अपिलात मुद्दा असा होता: योजनेची अट राज्यातल्या १५ वर्षांच्या रहिवासाची आहे, बारा महिने घरात हजर असण्याची नाही; हंगामी स्थलांतराने रहिवास संपत नाही; आणि नाकारण्याआधी अर्जदाराला नोटीस दिलेली नाही. सोबत शाळेचा निर्गम उतारा, मतदार यादीतली नोंद, रेशन कार्ड, ग्रामपंचायतीचा नमुना आठ (घराच्या नोंदीचा उतारा) आणि मुकादमाबरोबरच्या उचलीचा, म्हणजे आगाऊ पैशांचा, कागद जोडला. शेवटच्या कागदाने दिसलं की तो गावातून जातो आणि गावातच परत येतो.

अपील पडून राहिलं तर स्मरणपत्र द्या. दप्तर दिरंगाईच्या २००५ च्या कायद्याने एका कर्मचाऱ्याच्या टेबलावर फाइल साधारण सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. स्मरणपत्रात हे एक वाक्य घातलं की फाइल हलते असा अनुभव आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथेही निवेदन देता येतं. प्रत्येक वेळी पोहोच घ्या.

पुण्याचे दिव्यांग आयुक्त

२०१६ च्याच कायद्याच्या कलम ८० खाली राज्य आयुक्तांकडे हक्क डावलल्याची तक्रार करता येते. वकील लागत नाही, टपालाने चालतं. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं अशा बाबतींत त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी केलेल्या शिफारशीवर कारवाई करून संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कळवायचं असतं, आणि शिफारस मानायची नसेल तर कारण द्यायचं असतं.

यातला कच्चा दुवा "शिफारस" हाच शब्द आहे. तरी मी ही पायरी वगळू नका म्हणतो. आयुक्तांनी तुमच्या बाजूने लिहिलं आणि कार्यालयाने ते डावललं, तर खंडपीठापुढे तुमचं अर्धं काम त्या कागदाने केलेलं असतं. फक्त तिथल्या तारखांची वाट बघत वर्षं घालवू नका.

वकील: फुकट मिळणं हा हक्क आहे

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, तिथे उत्पन्नाची अट नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, मुलं यांनाही तसाच. ज्याचा वाद मुळात प्रमाणपत्राचाच आहे, त्याला "आधी प्रमाणपत्र आणा" असं सांगितलं गेलं तर या दुसऱ्या गटांतून किंवा उत्पन्नाच्या गटातून अर्ज करावा. महाराष्ट्रात ती मर्यादा वर्षाला तीन लाख आहे.

सुरुवात तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीपासून किंवा जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणापासून करा. १५१०० हा देशभराचा मदत क्रमांक आहे. त्यांचं पत्र तहसीलला गेलं की काही प्रकरणं तिथेच मिटतात. उच्च न्यायालयासाठी छत्रपती संभाजीनगरला खंडपीठातच उच्च न्यायालय विधी सेवा उपसमिती आहे. जिल्हा प्राधिकरणामार्फतही तिथे अर्ज जातो.

मिळालेल्या वकिलांना तारखेनुसार लावलेली फाइल द्या. "फुकटचे वकील नीट बघत नाहीत" अशी तक्रार मी खूप ऐकतो. त्यातली काही खरीही असेल. पण पिशवीभर चुरगळलेले कागद टेबलावर ओतले तर पैसे घेणारा वकीलही नीट बघू शकत नाही.

खंडपीठात काय होतं, काय होत नाही

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ जालना रोडवर आहे. कोर्टाच्या कागदांवर ते तुम्हाला "औरंगाबाद खंडपीठ" असंच दिसेल. तिथे संविधानाच्या कलम २२६ खाली रिट याचिका दाखल होते.

न्यायालय स्वतः टक्केवारी ठरवत नाही. तलाठ्याच्या जागी बसून तुमचं उत्पन्नही मोजत नाही. ते पाहतं की निर्णय घेण्याची रीत कायद्याला धरून होती का. त्यामुळे याचिकेचा जीव या प्रश्नांत असतो: आदेशात कारण आहे का? नाकारण्याआधी ऐकलं का? लावलेली अट शासन निर्णयात खरोखर आहे का? तुम्ही जोडलेला महत्त्वाचा कागद पाहिलाच नाही का? अधिकार नसलेल्याने निर्णय दिला का?

इथेच लेखी नकाराचं मोल कळतं. मोहिंदर सिंग गिल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की आदेश टिकतो की नाही हे त्या आदेशात लिहिलेल्या कारणांवरूनच ठरवायचं; नंतर शपथपत्रात नवी कारणं जोडून त्याला टेकू देता येत नाही. तहसीलने तुमच्या कागदावर "रहिवास नाही" असं लिहिलं असेल, तर कोर्टात आल्यावर "उत्पन्नही जास्त आहे" म्हणायची मुभा त्यांना सहसा मिळत नाही.

"आधी अपील करा, मग या" ही सरकारी वकिलांची नेहमीची हरकत. अपील केलेलं असेल तर ती तिथेच संपते. केलेलं नसेल, तर व्हर्लपूल खटल्यापासून (१९९८) मानलेले अपवाद आहेत: मूलभूत हक्काचा प्रश्न, नैसर्गिक न्यायाचा भंग (म्हणजे न ऐकताच निर्णय), अधिकाराबाहेरचा आदेश. पण अपवादाच्या भरवशावर राहू नका, अपील करूनच या.

वैद्यकीय मंडळाचा निर्णय अंतिम, त्याला हात लावता येत नाही, असा समज अजून पक्का आहे. १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एमबीबीएस प्रवेशाच्या संदर्भात सांगितलं की मंडळाने कारणं नोंदवली पाहिजेत, त्याच्या नकारात्मक अभिप्रायाला न्यायालयीन पुनर्विलोकनात आव्हान देता येतं, आणि न्यायालय अशा उमेदवाराला नामांकित संस्थेकडे स्वतंत्र मतासाठी पाठवू शकतं. तो निकाल प्रवेशाचा असला तरी टक्केवारीच्या याचिकेत स्वतंत्र मंडळाची मागणी करताना त्याचा आधार वकिलांना जरूर सुचवा.

उशिराचं काय? रिटला ठरलेली मुदत नाही, पण न्यायालय विलंबाचं कारण विचारतं. निवृत्तीवेतनासारख्या दरमहा मिळणाऱ्या गोष्टीत अन्याय दरमहा नव्याने होतो असं धरलं जातं. २००८ च्या तरसेम सिंग प्रकरणात, जे एका सैनिकाच्या दिव्यांग पेन्शनचंच होतं, सर्वोच्च न्यायालयाने उशीर असूनही हक्क नाकारला नाही; थकबाकी मात्र याचिकेआधीच्या तीन वर्षांपुरती ठेवली. म्हणजे उशीर झाला तरी दार बंद होत नाही, पैसे कमी होतात.

याचिकेत काय काय लागतं

मसुदा वकील करतील. त्यांना तुम्ही द्यायची सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे एका पानाची तारखांची यादी: अपघात किंवा आजार कधी, प्रमाणपत्र कधी, अर्ज कधी, चौकशी कधी, नकार कधी, माहिती अधिकाराचं उत्तर कधी, अपील कधी. प्रत्येक तारखेपुढे तिचा कागद कुठला ते लिहा. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. ते मूळ मराठीशी एकदा कुणाकडून तरी ताडून घ्या. "निराधार" आणि "बेघर" यात भाषांतर करणाऱ्याने घोळ केल्यामुळे अर्थ पार बदललेला मी पाहिला आहे.

प्रतिवादींत राज्य शासन, जिल्हाधिकारी, तहसीलदार, तालुका समिती. टक्केवारीचा वाद असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकही. मागण्या सुट्या सुट्या हव्यात: नकाराचा आदेश रद्द करावा, ठरावीक आठवड्यांत सुनावणी देऊन नव्याने निर्णय घ्यावा, गरज असेल तिथे दुसऱ्या संस्थेच्या मंडळाकडून तपासणी व्हावी, पहिल्या अर्जाच्या तारखेपासून थकबाकी मिळावी, आणि चालू अनुदान थांबवलेलं असेल तर निकालापर्यंत ते सुरू ठेवावं. शेवटची मागणी अंतरिम असते आणि तिच्यासाठी वेगळा आग्रह धरावा लागतो, नाहीतर ती कागदावरच राहते.

दाखल झाल्यावर रजिस्ट्री (कोर्टाचं कार्यालय) हरकती काढते: पान अस्पष्ट, भाषांतर नाही, सही राहिली. त्या मुदतीत दूर केल्या नाहीत तर याचिका बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, येतच नाही. दर पंधरा दिवसांनी वकिलांना एवढंच विचारा: "ऑब्जेक्शन निघालं का साहेब?" प्रत्येक तारखेला तुम्ही हजर राहायची गरज नसते. परभणी-हिंगोलीहून भाड्याची गाडी करून आलेली माणसं दिवसभर कॉरिडॉरमध्ये बसतात आणि संध्याकाळी "नंबर लागला नाही" ऐकून जातात. केस नंबर लिहून ठेवा. मोबाइलवर उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर पुढची तारीख दिसते.

निकालानंतरची खरी लढाई

अशा याचिकांत "अनुदान द्या" असा थेट आदेश क्वचित मिळतो. बहुतेक वेळा नकार रद्द होतो आणि अमुक आठवड्यांत नव्याने निर्णय घ्या म्हणून प्रकरण परत खाली जातं. माणसं निराश होतात: "फिरून तिथंच आलो की." तिथंच नाही आलात. आता अधिकाऱ्याच्या डोक्यावर मुदत आहे, आणि तुम्हाला ऐकावंच लागणार आहे.

आदेशाची प्रमाणित नक्कल मिळताच ती अर्जासोबत तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयात द्या. पोहोच घ्या, कारण आठवडे बहुधा त्या तारखेपासून मोजले जातात. सुनावणीची नोटीस आली की जुनाच गठ्ठा घेऊन जाऊ नका. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा, आधार जोडलेलं बँक पासबुक हवं, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या ओळखपत्राची) मुदत संपलेली नको. लेखी म्हणणं दोन प्रतींत न्या आणि तोंडी काय बोललात तेही त्याच दिवशी लिहून आवक शाखेत द्या. मुदत उलटली आणि काहीच झालं नाही, तर अवमान याचिका करता येते. तिला एक वर्षाची मर्यादा आहे. पुन्हा नकार आला आणि त्यात नवं कारण असेल, तर तो नवा आदेश आहे, त्याला नव्याने आव्हान देता येतं. उच्च न्यायालयातच याचिका फेटाळली गेली तर सर्वोच्च न्यायालयात ९० दिवसांत जाता येतं, तिथेही मोफत विधी सेवा समिती आहे.

मावसभावाची फेरसुनावणी नोव्हेंबरात लागली होती. टोळी निघायच्या बेतात होती, मुकादम थांबायला तयार नव्हता. आम्ही आधीच तहसीलला लेखी कळवलं की अर्जदार हंगामी मजूर आहे, सुनावणी दिवाळीआधी किंवा गुढीपाडव्यानंतर घ्यावी. तरी नोव्हेंबरचीच तारीख आली. मग तो मागे राहिला आणि टोळी गेल्यावर आठ दिवसांनी एसटीने एकटा गेला. तुमच्या घरातही कुणी कोयत्यावर जात असेल, तर हा अर्ज दसऱ्याच्या आधीच टाका, आणि चौकशी अधिकाऱ्याला गावातल्या शेजाऱ्याचा फोन नंबर लेखी देऊन ठेवा, म्हणजे दाराला कुलूप दिसलं तरी विचारायला माणूस असेल.